रस्त्याकडची खोली

माईंचा राग ओळखायची एकच खूण होती. त्यांचा आवाज जायचा. म्हणजे घसा बसायचा नाही की तोंड मिटायचं नाही. ओठ, गाल, भुवया, सगळं जोरात चालू असायचं, फक्त आवाज गायब. नव्या माणसाला वाटायचं, बाई मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतायत. घरच्यांना मात्र ठाऊक होतं, की आता आपली काही खैर नाही.

ही सवय कारखान्यातली. माईंनी उभी हयात कापडाच्या कारखान्यात मागावर काढली. शेकडो माग एका छपराखाली धडधडायला लागले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शेजारणीला ऐकू जात नसे. तेव्हा तिथल्या बायका आवाजाच्या भानगडीतच पडायच्या नाहीत. ओठ मोठे करून बोलायचं आणि समोरचीचे ओठ वाचायचे. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची गाऱ्हाणी सांगायची, मुकादमाची नक्कल व्हायची, कुणाचं कुणाशी सूत जुळलंय याचा निकाल लागायचा, आणि मधून फिरणारा मुकादम खूश असायचा, की बायका कशा गुमान कामं करतायत.

त्या धडधडीनं माईंचे कान हळूहळू खाऊन टाकले. पण माईंचं अडलं मुळीच नाही. पोरांचंच अडलं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून थोरल्यानं मित्राला शिवी दिली, तरी घरी आल्यावर पाठीत धपाटा ठरलेला. शेवटी भावंडांनी आपसात नियम करून टाकला. आईबद्दल काही बोलायचं तर पाठ फिरवून बोलायचं. धाकटीला चालता यायच्या आधी हे शिकवलं गेलं, असं घरात गमतीनं म्हणत. आणि खरं सांगायचं तर थोरला या विद्येत आईचा पट्टशिष्य होता. शाळा सुटली की तो कारखान्याच्या कुंपणाला नाक लावून उभा राहायचा. माई वरच्या खिडकीतून बिनआवाजी विचारायच्या, मार खाल्लास का, डबा संपवलास का, गणिताचं काय झालं. तो खालून तसाच उत्तर द्यायचा. मधे सगळा कारखाना दणाणत असायचा आणि ही दोघं निवांत गप्पा मारत.

मग पुष्कळ वर्षांनी कानातलं यंत्र आलं. थोरल्यानंच आणलं, चांगलं भारीतलं. यंत्रातून माईंना काय ऐकू यायचं, तर ताटल्यांचा खणखणाट, नळाचं पाणी आणि स्वतःच्याच पदराची सळसळ. माणसाचं बोलणं म्हणजे नुसता कालवा. त्या आपल्या आधीसारख्या ओठच वाचायच्या. पण मुलानं हौसेनं आणलंय, तर नाही कशाला म्हणा, म्हणून घालायच्या. आणि इथेच घोटाळा झाला. घरच्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की यंत्र घातलं म्हणजे आईला ऐकू येतं, आणि काढून ठेवलं म्हणजे येत नाही. पाठ फिरवायचा नियम सगळे साफ विसरून गेले.

माईंनी आठवण करून दिली नाही. का द्यावी? यंत्र काढून बसलं की फार उपयोगी गोष्टी कळतात.

तर, वृद्धांच्या निवासात राहायला जायचं हे माईंचं स्वतःचंच म्हणणं. त्या न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड जोडून झालं, पण पाय काही पहिल्यासारखा होईना. घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली उतरायचं तर दोन माणसं लागायची, आणि दोन माणसं घरात एका वेळी कधी असायची? थोरला मोठ्या हुद्द्यावर, सून तिच्या नोकरीत, धाकटी औषधांच्या दुकानात पाळ्या करणारी. माई दिवसभर घरात बसून भिंती बघायच्या. ज्या बाईला आयुष्यभर माणसांची तोंडं वाचायची सवय, तिनं भिंती वाचायच्या.

एका रविवारी जेवताना त्यांनीच विषय काढला. "मी जाते कुठेतरी. पण जागा मी बघणार आणि मी ठरवणार. हे मान्य असेल तर बोला."

सुनेचा घास हातात राहिला. धाकटीचे डोळे भरून आले. थोरल्यानं आईच्या हातावर हात ठेवला. "आई, तू म्हणशील तेच होईल. शब्द देतो."

माईंनी तो शब्द त्याच्या ओठांवर नीट पाहून घेतला.

पहिली जागा बघितली ती उगाचच बघितली. तिथल्या बाई माईंशी अशा बोलत होत्या, जणू समोर पाळण्यातलं बाळ आहे. "आजी, आमच्याकडे रुसायचं नाही हं, सगळं सूप संपवायचं." माईंनी थोरल्याकडे बघून नुसती मान हलवली आणि मंडळी परत फिरली.

दुसरी जागा बस आगाराच्या समोर होती. जुनी दुमजली इमारत, शेजारी पत्रे कापायचं वर्कशॉप, समोर बसगाड्या आत-बाहेर करतायत, हॉर्न, धूर, कंडक्टरांची बोलाचाली. गाडीतून उतरता उतरताच सुनेनं कपाळाला आठ्या घातल्या. थोरला म्हणाला, "इथे माणूस झोपणार कसा?" आणि पुन्हा गाडीत बसायलाच निघाला होता. माई मात्र काठी टेकत आत गेल्यासुद्धा.

आतला जेवणाचा हॉल लांबलचक होता. व्यवस्थापक म्हणून एक टकले गृहस्थ होते, ते मुलांना औषधांच्या वेळा, डॉक्टरांचे वार, वगैरे सांगत बसले. माई दाराशी खुर्चीत टेकल्या. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी निळ्या स्वेटरमधली एक वाळकी बाई वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली, माईंना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि ओठ चांगले ताणून, आवाजाशिवाय म्हणाली, "कुठल्या खात्यात होतीस?"

माईंच्या अंगावर काटा आला. किती वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

"मागावर," माई इकडून म्हणाल्या. "आणि तू?"

"सुताच्या कांड्या भरायला. नदीपलीकडच्या कारखान्यात. तू आत आलीस तशी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत आलीस, तेव्हाच ओळखलं."

मग काय, सुरूच झालं. टकल्या गृहस्थांचं रसाळ व्याख्यान एकीकडे चालू होतं आणि त्यांच्या डोक्यावरून सगळी खरी माहिती इकडून तिकडे जात होती. सकाळचा चहा कोमट असतो. रात्रपाळीची नर्स तापट आहे, पण रडलेल्या माणसाजवळ बसते. हा टकल्या बोलतो जास्त, पण लबाड नाही. लिफ्ट जुनी आहे, पण चालते. दाराला कुलूप नाही, काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येता येतं. आणि वरची रस्त्याकडची खोली रिकामीच आहे, आवाजामुळे कुणी घेत नाही.

"खिडकी मोठी आहे," कांडीवाली म्हणाली. "खाली सगळं आगार. ड्रायव्हर भांडतात, पोरी रुसतात, एकजण रोज बायकोला फोनवर खोटं सांगतो. मी दुपारी तिथेच जाऊन बसते. आपल्याला आवाजाचं काय?"

माई इतक्या हसल्या, की धाकटीनं धावत येऊन विचारलं, आई, ठसका लागला का?

परत जाताना माईंनी गाडीत सांगून टाकलं. "हीच जागा. वरची रस्त्याकडची खोली."

"आई, अगं केवढा गोंगाट आहे तिथे," थोरला म्हणाला.

"तुला आहे."

"बघतो," तो म्हणाला. आरशात त्याचे ओठ दिसत होते. त्याचं ते 'बघतो' माईंना आवडलं नव्हतं, पण त्यानं शब्द दिलाय म्हणून त्यांनी सोडून दिलं.

आठवड्याभरानं थोरला ऑफिसातून आला, आईच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि तोंड पाडून म्हणाला, "आई, वाईट वाटतंय सांगायला. ती खोली गेली गं. काल दुसऱ्या कुणीतरी घेतली."

माईंचा जीव खट्टू झाला. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. चूक माझीच, त्या धाकटीला म्हणाल्या, तिथल्या तिथे होकार द्यायला हवा होता. धाकटी औषधाची पाकिटं आवरत राहिली. तिनं मान वर केली नाही. तेव्हा माईंना त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग तिसरी जागा. शहर संपून बराच वेळ झाल्यावर ती येते. पांढरीशुभ्र इमारत, कापून सारखी केलेली हिरवळ, दुहेरी काचांच्या खिडक्या. आत गेल्यावर मागचं दार आपोआप मिटलं. लोक गाद्यांच्या खुर्च्यांमध्ये बसले होते, भिंतीला पाठ लावून, एका ओळीत. टीव्हीवर समुद्रातले मासे पोहत होते. कुणाचेही ओठ हलत नव्हते. माईंनी हा चेहरा बघितला, तो चेहरा बघितला, वाचायला म्हणून काही मिळेना. दाखवलेल्या खोलीच्या खिडकीबाहेर उंच कुंपणाची झाडं होती, त्यापलीकडे काही नाही.

"किती शांत आहे ना, आई?" सून म्हणाली.

माईंच्या कानातलं यंत्र शिटी मारायला लागलं. त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं. थोरल्यानं ते बघितलं, आईला स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसवलं, आणि तो, धाकटी आणि तिथल्या व्यवस्थापक बाई समोरच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसले. सून फोनवर बोलायला बाजूला गेली. व्यवस्थापक बाईंची पाठ माईंकडे होती. थोरल्याचं तोंड अगदी समोर, वर लख्ख दिवा. नाटकातल्या पात्रावरसुद्धा एवढा उजेड पाडत नाहीत.

"नाही, तिचं मन त्या दुसऱ्या जागेवर होतं," थोरला म्हणत होता. "आगारासमोरची. मी तिला सांगितलंय, तिथली खोली गेली."

बाईंनी काहीतरी विचारलं असावं.

"छे, रिकामीच आहे. मीच नको म्हणून कळवलं. अहो, माझ्या ऑफिसातली माणसं त्या रस्त्यानं जातात. आईला अशा ठिकाणी ठेवलं म्हणजे लोक काय म्हणतील? रस्त्यावर टाकली म्हणतील."

धाकटीनं चुळबुळ केली. तिचं तोंड अर्धंच दिसत होतं. "दादा, हळू बोल."

"अगं, मशीन काढलंय तिनं," थोरला म्हणाला आणि हसला. "तिला काय कळतंय? आणि हो, बाई, दाराला आकड्यांचं कुलूप आहे ना? तिला उठून बाहेर जायची फार खोड आहे."

माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ज्या पोराला या ओठांनी पाढे शिकवले, तापात रात्र रात्र गोष्टी सांगितल्या, तो आता समोर बसून, उजेडात, तोंड वर करून खोटं सांगत होता. आणि वर हसत होता. खोटं बोलला याचा राग होताच. पण आपली आई कोण आहे हेच हा विसरला, याचा जास्त होता. त्यांनी उठून दार गाठलं. दार हललं नाही. हँडल दाबलं, ओढलं, ढकललं. बाजूला आकड्यांची एक छोटी पाटी लुकलुकत होती. टेबलामागची मुलगी गोड हसून म्हणाली, "आजी, बसा ना, चहा मागवू का?"

माई वळल्या. काचेच्या केबिनपाशी गेल्या आणि काठीची मूठ काचेवर ठकठक वाजवली.

थोरल्यानं वर बघितलं. आधी तेच हसू होतं, आईला दुरून दाखवायचं. "झालं, आई, दोन मिनिटं," तो म्हणाला.

मग त्याला दिसलं, की आई बोलतेय आणि आवाज नाही.

"ती खोली रिकामी आहे," माई म्हणाल्या.

थोरल्याचं हसू जागच्या जागी वाळलं. कुंपणाला नाक लावलेला पोरगा इतक्या वर्षांनी एका क्षणात जागा झाला असावा, कारण त्यानं एकही शब्द चुकवला नाही. व्यवस्थापक बाई मागे वळून, या बाईंना काही होतंय का, अशा नजरेनं बघायला लागल्या. धाकटीनं गपकन भिंतीकडे तोंड केलं. तिला जुना नियम आत्ता आठवला होता, पण फार उशिरा.

"तूच नको म्हणालास. शब्द देऊन नको म्हणालास. ऑफिसातली माणसं त्या रस्त्यानं जातात म्हणून. मला लाज वाटायला हवी की तुला? मी त्या कारखान्यात उभी राहिले म्हणून तू खुर्चीत बसलायस. मला रस्त्यावर टाकली म्हणतील म्हणून कोंडून ठेवतोस? गुरालासुद्धा दावं दिसतं. मला तेही दिसू नये म्हणून आकडे लावलेत."

"आई, ऐक ना, तुझ्याच भल्यासाठी..."

"माझ्या भल्याचं मी बघेन. दार उघड."

"आई, घरी जाऊन शांतपणे..."

"दार उघड."

माईंचं एक अक्षरही तिथे कुणाला ऐकू आलं नव्हतं. टीव्हीतले मासे पोहतच होते. पण भिंतीशी ओळीत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी तिघाचौघांनी मात्र माना वळवल्या होत्या. थोरल्याच्या कपाळावर घाम आला. त्याला स्वतःलाही आकडे माहीत नव्हते. व्यवस्थापक बाईंना विनवून त्याला ते दार उघडून घ्यावं लागलं.

घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं असतं तरी उपयोग नव्हता. माई डोळे मिटून बसल्या होत्या. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडे बघायचं नाही, इतकी सोपी गोष्ट. घरी आल्यावर त्यांनी धाकटीला समोर बसवलं. "तुला ठाऊक होतं?"

धाकटी रडायला लागली. "दादा म्हणाला, तिकडे तुला त्रास होईल."

"आणि तू औषधाची पाकिटं आवरत बसलीस. फोन लाव त्या टकल्याला. आत्ताच्या आत्ता."

खोली रिकामीच होती. ती कोण घेणार?

माई तिथे राहायला गेल्या त्या दिवशी सामान थोरल्यानंच वर नेलं. दोन बॅगा, एक उशी, जुनं घड्याळ. त्यानं कपाट लावलं, दिवे लावून बघितले, नळ सोडून बघितला. वाकून आईच्या तोंडासमोर येऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न त्यानं दोनदा केला. दोन्ही वेळा माईंनी खिडकीकडे मान फिरवली. खिडकीत कांडीवाली आधीच खुर्ची टाकून बसली होती आणि खालच्या कुठल्याशा भांडणाची हकीकत सांगत होती. शेवटी तो निघाला.

माईंनी त्याला खाली रस्ता ओलांडताना पाहिलं. गाडी आगाराच्या भिंतीशी लावलेली होती. गाडीचं दार उघडून तो आत बसणार, तेवढ्यात थांबला. वर बघितलं. त्याचे केस पांढरे झालेत, हे माईंना वरून फारच स्पष्ट दिसलं.

तो तिथेच उभा राहिला, फुटपाथवर, बसगाड्यांच्या गराड्यात. मग त्यानं ओठ मोठे करून, आवाज न काढता, कुंपणापाशी बोलायचा तसं म्हटलं, "आई. चुकलं माझं."

माईंना अक्षर न् अक्षर दिसलं. कांडीवालीलाही दिसलं. तिनं हातातली वाटाण्याची शेंग खाली ठेवली.

माईंना वाईट वाटलं. नाही असं नाही. पोटचा पोरगा होता. पण राग काही तेवढ्यानं उतरणारा नव्हता. चुकलं म्हणे. तेही असं, कुणाला कळू नये असं, आपल्या दोघांतच मिटवून टाकल्यासारखं. काचेच्या केबिनमध्ये हसताना आवाज होता, आणि चुकलं म्हणायला आवाज नाही?

त्यांनी हाताचा पंजा कानामागे धरला आणि खिडकीतून, बिनआवाजी, सावकाश म्हणाल्या, "ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

थोरल्यानं इकडे तिकडे बघितलं. आगाराच्या फाटकाशी दहाबारा ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत उभे होते. स्टॉपवर माणसं होती. समोरून ऑफिसं सुटून लोक लोंढ्यानं येत होते, त्यात त्याच्या ओळखीचे असतील, नसतील. त्यानं टाय सैल केला. आईकडे एकदा बघितलं. आईचा हात कानामागे तसाच होता.

मग त्यानं तोंड उघडलं. त्याच्या मानेची शीर तटतटून फुगलेली वरून दिसली. चहाचे पेले तोंडाकडे जाता जाता थांबले, स्टॉपवरची सगळी डोकी वळली, पत्रे कापणारा माणूस यंत्र बंद करून दारात आला. सगळ्या रस्त्यानं ऐकलं.

एका माईंनाच ते ऐकू आलं नाही. त्यांनी ते नीट वाचून घेतलं, मान डोलावली, आणि हात कानामागून न काढता म्हणाल्या, "आता परत एकदा."